पिवळं, पाच पाकळ्यांचं, चकाकणारं फूल: बटरकप ओळखायचा कसा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मुलुंडला राहता. मुलगा लीड्सला असतो. त्याच्या घरामागच्या हिरवळीत मे महिन्यात पिवळी फुलं उगवली आणि शेजाऱ्यांनी त्यांना बटरकप म्हटलं, म्हणून त्याने फोटो पाठवले. जूनमध्ये मनालीहून हम्पता खिंडीच्या वाटेवर तुम्हाला तशीच दोन फुलं दिसली. सप्टेंबरात नॅशनल पार्कात कान्हेरीच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या काठी, आणखी एक पिवळं फूल तुम्ही टिपलं. फोनमधल्या ॲपने चारही फोटोंना 'रॅननक्युलस', म्हणजे शास्त्रीय नावाने बटरकपच, ठरवलं. तुम्ही विचारताय की ही चारही एकच आहेत का, नसतील तर फरक कशावरून करायचा, आणि मुंबईत हे फूल कुठे बघायला मिळेल. शेवटी, मुलाकडून बी मागवून गॅलरीत लावू का, हेही विचारलं आहे.

उत्तर आधी देऊन टाकते. चारातले दोन बटरकप आहेत. लीड्सचा रॅननक्युलस रिपेन्स, म्हणजे जमिनीवर सरपटत पसरणारा. हम्पताचा पहिला फोटो रॅननक्युलसचाच आहे, पण त्यावरून जात सांगता येणार नाही, का ते पुढे येईल. हम्पताचा दुसरा पोटेंटिला, म्हणजे गुलाबाच्या कुळातला. आणि कान्हेरीचं फूल आपलं पाणलवंग. त्याचा बटरकपशी काहीच संबंध नाही.

तुम्ही विचारलंत 'जात कोणती', पण माझ्या मते अडचण त्याच्या आधीची आहे. चारही फोटो जवळजवळ वरून, फुलाच्या तोंडाकडून काढलेले आहेत. तिथून पिवळा रंग दिसतो, पाकळ्या दिसतात, आणि ॲपही तेवढंच पाहतं. बटरकपची ओळख मात्र बरीचशी फुलाच्या पाठीमागे, देठावर, जमिनीलगतच्या पानांत आणि फळांत असते. आणि अर्धी ओळख झाड कुठे उभं आहे यात असते. मी वनस्पतिशास्त्र शिकवते. विद्यार्थी फूल दाखवायला येतात तेव्हा मी आधी विचारते, की पायाखाली काय होतं? चिखल, कातळ, गवत, की वाहतं पाणी?

आधी बटरकप म्हणजे काय ते पाहू. रॅननक्युलस या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, जगभर सहाशेच्या आसपास जाती मानतात. काही गटांत सूक्ष्म भेदांवरून वेगळ्या जाती करायच्या की नाही यावर तज्ज्ञांचं एकमत नाही, त्यामुळे आकडा बदलतो. बहुतेकांच्या फुलांची ठेवण मात्र सारखी. खाली पाच हिरवट निदलं, वर पाच पाकळ्या, आत भरपूर पुंकेसर, आणि मधोमध हिरव्या दाण्यांचा गुच्छ. यातला प्रत्येक दाणा हा स्वतंत्र, सुटा स्त्रीकेसर असतो. पुढे त्याचंच एकबीजी, न फुटणारं, टोकाला लहानशी चोच असलेलं कोरडं फळ होतं. पुंकेसरही सुटे असतात, एकमेकांना चिकटून त्यांची नळी होत नाही. आणखी एक खूण सहसा कोणी पाहत नाही. पाकळी अलगद बाजूला करून तिच्या बुडाशी पाहा. तिथे मधाचा छोटा खळगा असतो आणि अनेक जातींत त्यावर एक बारीक खवला झाकणासारखा बसलेला असतो. भिंग नसेल तर फोनच्या कॅमेऱ्यानेही तो टिपता येतो.

चकाकीबद्दल तुम्ही वेगळं विचारलंय, कारण तुमच्या नातीने फूल हनुवटीखाली धरलं आणि तिथे पिवळा उजेड पडला. तिकडे मुलांचा हा जुना खेळ आहे, उजेड पडला तर म्हणे त्या मुलाला लोणी आवडतं. उजेड खरोखरच पडतो, आणि त्यामागचं कारण सुंदर आहे. पाकळीच्या वरच्या पेशींचा थर अगदी सपाट आणि पातळ असतो, त्यातच पिवळं रंगद्रव्य असतं. त्याच्या लगेच खाली हवेची पोकळी असते. प्रकाश थराच्या वरच्या पृष्ठावरून परततो, तसाच खालच्या, हवेकडच्या पृष्ठावरूनही परततो, म्हणून पाकळी पॉलिश केल्यासारखी दिसते. त्याखाली स्टार्चने भरलेल्या पेशींचा पांढरट थर असतो. तो आत शिरलेला प्रकाश चहूकडे विखरून परत वर पाठवतो, आणि वर येताना तो रंगद्रव्यातून गाळून पिवळा होतो. केंब्रिजच्या संशोधकांनी 2011 मध्ये हे मोजून दाखवलं. ही पाकळी अतिनील प्रकाशही परतवते. तो आपल्याला दिसत नाही, मधमाशीला दिसतो.

ही चकाकी ओळखीच्या कामाची आहे. पोटेंटिलाची पाकळी तुलनेने मंद, मखमली वाटते, बटरकपची ओली असल्यासारखी. पण फोटोत ती घात करते. भर उन्हात फोन पाकळीला जवळजवळ पांढरं करून टाकतो. हम्पताच्या फोटोत नेमकं तेच झालंय. हाताची सावली फुलावर धरून फोटो घ्या, तपशील लगेच उमटतात.

आता लीड्सकडे. इंग्लंडमध्ये गवतात उगवणारे नेहमीचे बटरकप तीन. रॅननक्युलस ॲक्रिस उंच, कुरणात मीटरभरही वाढतो. रॅननक्युलस रिपेन्स सरपटणारा. आणि रॅननक्युलस बल्बोसस, ज्याच्या खोडाचा बुंधा जमिनीलगत कांद्यासारखा फुगलेला असतो. वरून पाहिलं तर तिघांची फुलं जवळपास सारखी. म्हणून फूल उलटं करायचं. बल्बोससची निदलं फूल उमलल्यावर मागे वळतात आणि देठाला टेकतात. बाकी दोघांची पाकळ्यांना धरून पसरलेली असतात. मग फुलाचा देठ चिमटीत धरून फिरवायचा. ॲक्रिसचा देठ गोल, गुळगुळीत लागतो. रिपेन्स आणि बल्बोससच्या देठावर उभ्या खाचा बोटाला स्पष्ट जाणवतात. म्हणजे खाचा आणि मागे वळलेली निदलं असतील तर बल्बोसस, खाचा आहेत पण निदलं पसरलेली तर रिपेन्स, खाचाच नसतील तर ॲक्रिस.

यावर लगेच खात्री करायची ती पानावरून, आणि पान जमिनीलगतचं घ्यायचं. देठावर जसजसं वर जावं तसतशी पानं अरुंद होत जातात आणि सगळ्या जातींची सारखी दिसू लागतात, त्यामुळे तिथे फसायला होतं. रिपेन्सच्या खालच्या पानाचे तीन भाग असतात आणि मधल्या भागाला स्वतःचा छोटा देठ असतो. पुष्कळदा पानावर फिकट ठिपकेही असतात. ॲक्रिसचं पान तळहातासारखं खोल कापलेलं, पण मधल्या भागाला वेगळा देठ नसतो. तुमच्या मुलाच्या लीड्सच्या फोटोच्या कोपऱ्यात एक पान आलंय. त्याचा मधला भाग देठावर उभा आहे आणि शेजारून एक आडवं खोड गेलंय, ज्याच्या पेरातून मुळं फुटली आहेत. हे असं धावतं, पेरापेरातून रुजणारं खोड तिघांत फक्त रिपेन्सला असतं. म्हणून त्या फोटोबद्दल मी ठाम आहे.

एक अट सांगायला हवी. हिरवळीवर मशिन फिरत असेल तर उंचीवर विसंबू नका. सतत कापला जाणारा ॲक्रिसही वीतभर उंचीवरच फुलतो. आणि 'निदलं मागे वळली म्हणजे बल्बोससच' असंही नाही. रॅननक्युलस सार्डसची आणि स्केलेराटसचीही वळतात. सार्डसला तळाशी कांदा नसतो, आणि स्केलेराटस तर पुढे येणारच आहे.

कुठली जात कुठे उगवते, हा मला या फुलांचा सर्वांत आवडता भाग. इंग्लंडच्या मधल्या भागात अशी जुनी कुरणं आहेत जिथे मध्ययुगात नांगरणी झाली आणि पुढे जमीन गवताला सोडून दिली. आपल्या शेतातल्या सरी-वरंब्यासारख्या, पण कितीतरी रुंद, अशा लांबच लांब लाटा त्या जमिनीवर आजही दिसतात. 1950 च्या दशकात वनस्पती-परिसरशास्त्रज्ञ जॉन हार्पर यांनी अशा कुरणांतल्या बटरकपचा अभ्यास केला. वरंब्याच्या माथ्यावर, जिथे पाणी लवकर निचरतं, तिथे बल्बोसस. उतारावर ॲक्रिस. आणि सरीच्या तळाशी, जिथे पाणी साचतं, तिथे रिपेन्स. उंचीचा फरक फार तर गुडघाभर, पण तेवढ्यात तीन जातींनी जागा वाटून घेतलेल्या. यामागचं कारण मुळांशी असलेलं पाणी आणि हवा. चिकण, पाणी धरणाऱ्या जमिनीत मुळांना हवा कमी मिळते. रिपेन्स ते सोसतो, शिवाय धावत्या खोडाने मोकळी ओली जागा पटकन व्यापतो. बल्बोससला ते मानवत नाही. तो वसंतात लवकर फुलून घेतो आणि कोरड्या उन्हाळ्यात पानं टाकून जमिनीखालच्या कांद्यात विश्रांती घेतो. म्हणून मुलाला सांगा, घराच्या मागच्या हिरवळीत हा इतका माजला असेल तर तिथे पाण्याचा निचरा नीट होत नाही, माती दबलेली आहे. उपटून तो जाणार नाही. खोडाचा एक तुकडा राहिला तरी पुन्हा रुजतो. माती मोकळी केली आणि पाण्याला वाट दिली तर आपोआप कमी होतो.

तिकडे फिरायला गेलात तर आणखी काही पाहून घ्या. दलदलीत, तळ्याच्या काठावर भाल्यासारख्या सरळ, न कापलेल्या पानांचा बटरकप दिसला तर तो रॅननक्युलस फ्लॅम्युला. फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडांखालच्या ओलसर सावलीत हृदयाच्या आकाराच्या तुकतुकीत पानांवर आठ-दहा अरुंद पाकळ्यांची पिवळी फुलं दिसली तर ती फिकेरिया. पूर्वी तिला रॅननक्युलसमध्येच धरत, आता वेगळी केली आहे. तिला निदलं सहसा तीनच असतात. आणि संथ ओढ्यात पाण्यावर पांढरी फुलं तरंगत असतील, ज्यांचा मध्य पिवळा आहे, तर तीही रॅननक्युलसच. पाण्यातल्या जातींच्या पाकळ्या पांढऱ्या असतात आणि पाण्याखालची पानं धाग्यांसारखी चिरलेली असतात, म्हणजे प्रवाहाला अडत नाहीत. पिवळेपणा हा बटरकपचा नियम नाही, हे या पाणबुड्या जातींवरून लक्षात ठेवायला हरकत नाही. यांच्यातली ट्रायकोफिलस ही जात काश्मीर आणि लडाखच्या पाण्यातही आहे.

हम्पताच्या फोटोंवर जास्त लिहावं लागेल, कारण हिमालयात गोंधळाला जागा जास्त. जून-जुलैत तिथल्या कुरणांवर पिवळ्या फुलांचा जो सडा असतो त्यात पोटेंटिलाचा वाटा मोठा असतो, आणि ट्रेकला जाणारे बहुतेकजण त्यालाच बटरकप म्हणतात. ओळख सोपी आहे. पुन्हा फूल उलटं करा. पोटेंटिलाच्या पाच निदलांच्या मधल्या फटींतून आणखी पाच बारीक हिरवी पानं डोकावतात, म्हणजे खाली दोन वर्तुळं, एकूण दहा टोकं. बटरकपला फक्त पाच. पोटेंटिलाच्या पानाच्या देठाच्या बुडाशी दोन छोटी उपपर्णं चिकटलेली असतात, गुलाबाला असतात तशी. पाकळीच्या टोकाला बहुधा खाच असते. तुमच्या दुसऱ्या फोटोत फूल थोडं कलतं आहे, म्हणून ती जादा पाच टोकं दिसली. त्यामुळेच मी ठामपणे पोटेंटिला म्हणू शकले.

ओढ्याकाठच्या पाणथळीत गोल, मोठी, मूत्रपिंडाच्या आकाराची पानं आणि पिवळं मोठं फूल असेल तर फुलाखाली हिरवी निदलं आहेत का ते बघा. नसतील तर ती काल्था पॅलस्ट्रिस. बटरकपच्याच कुळातली, पण तिला पाकळ्याच नाहीत, जे पिवळं दिसतं ती निदलं आहेत. फळंही वेगळी. अनेक बिया असलेल्या शेंगांचा झुबका, पिकल्यावर उकलणारा. हिमालयात तिची पांढरी फुलं असलेली झाडंही असतात. आणि बर्फ वितळत असतं त्या अगदी कडेला, जमिनीला चिकटून, पुष्कळ अरुंद पाकळ्यांचं पिवळं फूल दिसलं तर ते ऑक्सिग्राफिस असण्याची शक्यता जास्त. तीही याच कुळातली.

मग तुमच्या पहिल्या फोटोतला रॅननक्युलस नेमका कुठला? हम्पताच्या त्या उंचीवर हर्टेलस किंवा लेटस असू शकतो, आणखीही काही असू शकतात. हिमालयातल्या या जाती वेगळ्या करायला पिकलेली फळं लागतात. फळाची चोच सरळ की आकडीसारखी, फळांच्या गुच्छाचा आकार गोल की लांबट, दाणे ज्या गाभ्यावर बसतात तो केसाळ की गुळगुळीत, खोडावरचे केस दाबलेले की उभे, हे सगळं पाहावं लागतं. फक्त फुलावरून नाव देणाऱ्यावर, मग तो माणूस असो की ॲप, मी विश्वास ठेवत नाही. वहीत 'रॅननक्युलस, जात अनिश्चित' लिहा. ती नोंद पूर्ण आहे, अर्धवट नाही. पुन्हा गेलात तर ऑगस्टच्या अखेरीस जा आणि तीच झाडं फळांवर असताना बघा.

उत्तर भारताच्या सखल भागात बटरकप भेटतात ते हिवाळ्यात. गव्हाच्या शेतात तण म्हणून काटेरी फळांचे दोन भेटतात. अर्व्हेन्सिसच्या पानांचे तुकडे अरुंद, लांबट. म्युरिकॅटसची पानं रुंद, उथळ कापलेली. तळ्याच्या, कालव्याच्या चिखलात रॅननक्युलस स्केलेराटस असतो. हिंदीत त्याला जलधनिया म्हणतात. फूल अगदी लहान, फिकट पिवळं, पाकळ्या निदलांएवढ्याच. मधला गुच्छ मात्र लांबट होत जाऊन पाकळ्यांच्या वर येतो. खोड पोकळ, पानं तुकतुकीत, आणि खरोखर कोथिंबिरीसारखी दिसणारी. याबद्दल कळकळीने सांगते, कारण ओढ्याकाठच्या पालेभाज्या खुडण्याची आवड हल्ली पुष्कळांना लागली आहे. बटरकपच्या ताज्या रसात पेशी चेचल्या गेल्या की प्रोटोॲनेमोनिन तयार होतं. त्याने कातडीवर फोड येतात, तोंडात गेलं तर आतून भाजतं. स्केलेराटसमध्ये ते विशेष तीव्र असतं. जनावरं ताजं झाड टाळतात. वाळल्यावर तेच द्रव्य निरुपद्रवी होतं, म्हणून वाळल्या गवतात बटरकप असला तरी चालतो. नातीला हनुवटीचा खेळ खेळू द्या, फक्त फूल चुरगळू देऊ नका आणि नंतर हात धुवायला लावा.

आता मुंबई. या शहरात, नॅशनल पार्कात, आरेत, येऊरला किंवा तुंगारेश्वरला आपणहून उगवलेला बटरकप माझ्या पाहण्यात आलेला नाही, आणि तुम्ही शोधत बसावं असं मी सुचवणार नाही. ही मुख्यतः थंड प्रदेशातली झाडं. उष्ण कटिबंधात ती डोंगरांच्या उंचीवर सरकतात. आपल्या पश्चिम घाटातच बघा, निलगिरी आणि पळणीच्या उंच गवताळ डोंगरमाथ्यांवर मूत्रपिंडाकृती पानांचा रॅननक्युलस रेनिफॉर्मिस आहे, कोकणपट्टीत नाही. जुन्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिसूचीत रॅननक्युलसचं नाव दिसलं तर ते मुंबईतलं समजू नका. 1936 पर्यंत सिंध याच इलाख्यात होता आणि तिथल्या झाडांच्या नोंदी त्याच सूचीत येतात.

मग ॲप असं का सांगतं? बहुतेक अशा ॲपना शिकवायला वापरलेले फोटो युरोप-अमेरिकेतले जास्त असतात. पिवळं, चकाकणारं, ओल्या जागेतलं फूल दिसलं की त्यांचा कल तिकडे झुकतो. फोटोबरोबर ठिकाण जोडलं तर चूक कमी होते.

तुमच्या कान्हेरीच्या फुलाला पाकळ्या चार आहेत. नीट मोजा, पाचवी गळलेली नाही, ती नव्हतीच. आणि पाकळ्यांच्या खाली जो लांबट, लवंगेसारखा भाग दिसतो तो देठ नाही, तो बीजांडकोश. बटरकपमध्ये दाण्यांचा गुच्छ पाकळ्यांच्या वर, मधोमध असतो. इथे सगळं फुलाखाली आहे. एवढ्या एका गोष्टीवरून पाणलवंग वेगळं काढता येतं. भातखाचरांच्या बांधाला, रेल्वेरुळांच्या बाजूच्या चरात, पवईच्या काठावर, पावसाळ्यात आणि नंतर हे दिसत राहतं. पाकळ्या इतक्या अल्पायुषी की दुपारी हात लागताच गळतात.

ज्यांच्यावरून मला 'मॅडम, हा बटरकप ना?' असं विचारलं जातं ती मुंबईतली आणखी काही फुलं सांगते. टर्नेरा बागेतून सुटून कुंपणांवर, पुलांच्या भिंतींत रुजलेलं असतं. नर्सरीवाले त्याला बटरकपच म्हणून विकतात, पाच पाकळ्या असल्याने घोटाळा पक्का होतो. त्याचं फूल पानाच्या देठातूनच निघाल्यासारखं दिसतं, पानाच्या बुडाशी दोन गोल ग्रंथी असतात आणि दुपारपर्यंत फूल मिटतं. पिवळा धोतरा रिकाम्या प्लॉटवर उगवतो. पुंकेसर भरपूर, पण पानांना काटे आणि तोडल्यावर पिवळा चीक. चिकणा, तुपकडी, पेटारी ही भेंडीच्या कुळातली. पुंकेसर एकत्र जुळून त्यांचा खांब झालेला असतो, ते दिसलं की बटरकपचा विचार सोडायचा. पिवळी तिळवण चार पाकळ्यांची आणि चिकट. आंबुशीची पानं तीन हृदयांची, चघळली की आंबट. पहिल्या पावसात जमिनीतून थेट वर आलेलं पिवळं चांदणीसारखं फूल म्हणजे काळी मुसळी. तिला सहा पाकळ्या आणि ताडाच्या रोपासारखी पानं. कान्हेरीच्या चढावर ती दिसते, निचऱ्याच्या उतारावर, आणि खाली ओढ्यात पाणलवंग. जागांची वाटणी इथेही आहेच. सोनसावर मात्र झाड आहे. इंग्रजीत त्याला बटरकप ट्री म्हणतात म्हणून त्याचं नाव घेते, नाहीतर साम्य फक्त पिवळ्या पाकळ्यांचं आणि भरपूर पुंकेसरांचं.

बटरकपचं कुळच मुंबईजवळ बघायचं असेल तर मोरवेल शोधा. पावसाळा संपल्यावर जंगलाच्या कडेला झुडपांवर चढलेली, समोरासमोर पानं, लहान पांढरट फुलांचे झुपके. तिलाही पाकळ्या नाहीत, निदलंच आहेत. पण पुंकेसरांची गर्दी आणि मधले सुटे स्त्रीकेसर पाहिलेत की बटरकपशी नातं डोळ्यांना पटतं. पुढे त्याच दाण्यांना पिसासारख्या लांब शेपट्या येतात आणि वाऱ्यावर बी जातं. सह्याद्रीच्या माथ्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात निळ्या फुलांची निसुर्डी मिळाली तर तीही याच कुळातली. मागे टोचा असलेलं फूल, दिसायला अजिबात बटरकपसारखं नाही, म्हणूनच शेजारी ठेवून तुलना करण्यासारखं.

इथून पुढे फोटो टाकताना प्रत्येक झाडाचे पाच फोटो द्या. फूल वरून, फूल मागून निदलांसकट, देठ जवळून, जमिनीलगतचं पान, आणि चार पावलं मागे जाऊन जागेचा एक. फळ असेल तर सहावा. झाड उपटायची गरज नाही, आणि नॅशनल पार्कात 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे काही तोडायलाही मनाई आहे. मुलाच्या अंगणात मात्र त्याने एक रोप मुळासकट उपटून बघावं. बुंध्याशी कांदा आहे की नाही, हे दुसऱ्या कुठल्याच फोटोतून कळत नाही.

राहिला बियांचा प्रश्न. मागवू नका. परदेशातून बी आणायला 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे परवाना लागतो, खिशात टाकून आणणं बेकायदा आहे. शिवाय रिपेन्सला मुंबईचा एप्रिल-मे सोसायचा नाही. हौसच असेल तर नोव्हेंबरात रॅननक्युलस एशियाटिकसचे कंद घ्या, लग्नाच्या सजावटीत गुलाबासारखं गच्च फूल येतं ते. तो रानातला बटरकप नव्हे, बागेसाठी वाढवलेला आहे. कंद काही तास पाण्यात भिजवा, निचरा होणाऱ्या मातीत लावा, सकाळचं ऊन आणि रात्रीचा गारवा मिळेल अशा गॅलरीत ठेवा. मुलुंडला डोंगराकडची बाजू असेल तर जानेवारीत फूल यायची थोडी आशा आहे. थंडी पडली नाही तर नुसती पानं येतील.

हम्पताच्या पहिल्या झाडाचे आणखी फोटो फोनमध्ये पडून असतील तर टाका, विशेषतः मागे कुठे गळून गेलेल्या फुलांचे हिरवे गुच्छ दिसत असतील तर. त्यावरून एखादी जात वगळता आली तरी सांगेन.